समोरच्या खुर्चीतलं उत्तर

१. दुपारचा आवाज

मुलांनो, माझ्याबरोबर एका खोलीत चला. चपला बाहेर काढा आणि हळू या. दाराची कडी कुरकुरते, तिला उगाच जागं करायला नको.

खोली लांबट आहे. पुस्तकांच्या कपाटांमुळे ती आणखीच अरुंद वाटते. मधोमध टेबल आहे आणि त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय. टेबलाच्या या बाजूला झिजलेल्या हातांची एक खुर्ची, त्या बाजूला दुसरी. दुसऱ्या खुर्चीकडे नीट बघा. ती रिकामी आहे, पण टेबलापासून थोडी ओढलेली आहे. आपण उठून गेल्यावर खुर्ची राहते ना, तशी. कोणीतरी आत्ताच उठून गेलं असावं असं वाटतं. आणि या घरातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल, की थोरले वकील गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलेलं नाही.

वकील म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काळा कोट घालून हात उडवत बोलणारा माणूस येतो. पण निम्मं भांडण त्याच्या आधीच झालेलं असतं, तेही कागदावर. सुनावणीच्या आधी दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं मुद्देसूद लिहून कोर्टात द्यायचं असतं. त्याला म्हणतात लेखी युक्तिवाद. समजा, वर्गात तुमचं कोणाशी वाजलं आणि बाई म्हणाल्या, आता ओरडू नका, दोघं आपापलं लिहून आणा. तर घरी बसून तुम्ही जे लिहाल, तेच हे.

थोरल्या वकिलांचं अर्धं आयुष्य असं लिहिण्यात गेलं. त्यांची एक रीत होती. युक्तिवाद तयार झाला, की ते कोणाला तरी समोरच्या खुर्चीत बसवायचे. त्या खुर्चीत बसलेला माणूस तेवढ्या वेळापुरता शत्रू. त्याने सगळं ऐकायचं आणि जमेल तितकं फाडायचं.

ते गेल्यावर कचेरी आली वकीलबाईंकडे. बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या, हुशार, कष्टाळू आणि सदा घाईत. त्यांच्या हाताखाली धाकटे वकील. वरच्या मजल्यावर थोरल्या वकिलांच्या पत्नी राहायच्या, त्यांना सगळे काकू म्हणायचे. आणि टाइपरायटरवर बसायचे ते आपल्या गोष्टीतल्या मुलीचे बाबा.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. शाळेला सुट्टी होती आणि आई दवाखान्यात दिवसपाळीवर, म्हणून ती बाबांबरोबर कचेरीत यायची. तिला कामही होतं. बाबा टाइप केलेलं पान मोठ्याने वाचायचे आणि मुंगी हाताने लिहिलेल्या पानावर बोट ठेवून ताडून बघायची. एक शब्द सुटला तरी ती बाबांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची.

थोरले वकील हयात असताना मजकूर यंत्रात बोलून ठेवत आणि बाबा तो ऐकून टाइप करत. ते गेल्यावर काकूंनी सगळ्या फिती पुसायला लावल्या. भिंतीवर फोटो आहे तेवढा पुरे, आवाज नको, असं त्यांनी सांगितलं होतं.

तरीही आवाज येत होता.

दुपारी सगळे व्हरांड्यात डबे उघडायचे तेव्हा बाबा थोरल्या वकिलांच्या खोलीत दार लावून टाइप करत बसायचे. आतून टाइपरायटरची टकटक यायची. मग ती थांबायची, आणि एक जाड, खोकरा आवाज काहीतरी सांगायचा. शब्द कळायचे नाहीत, पण आवाज कोणाचा ते सगळ्यांना कळायचं. धाकट्या वकिलांचा घास हातातच राहायचा. वकीलबाई विषय बदलायच्या. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

असेच दिवस चालले होते, आणि एका सकाळी विरुद्ध पक्षाच्या वकिलांकडून लिफाफा आला. त्यांचा लेखी युक्तिवाद. वकीलबाईंनी तो उभ्या उभ्या वाचायला घेतला, वाचता वाचता खाली बसल्या आणि शेवटचं पान उलटून झाल्यावर इतक्या हळू बोलल्या, की टाइपरायटर आपोआप थांबला.

"आपण अजून कोर्टात दिलेलंच नाही, त्याचं हे उत्तर आहे."

२. बाहेरच्या खोलीत

भांडण काय होतं ते आधी सांगतो. एका गोदामाला आग लागली होती. आतले दोन कामगार मागच्या दाराशी धावले, तर दाराला कुलूप. दोघं वाचले, पण भाजले. गोदामाच्या मालकाचं म्हणणं, चूक पहारेकरीणबाईची, कुलूप तिनेच लावलं. वकीलबाई त्या पहारेकरीणबाईच्या बाजूने होत्या.

त्यांच्या युक्तिवादात तीन मुद्दे होते. आग लागली तेव्हा पहारेकरीणबाईची पाळी संपली होती. किल्ली तिने मुकादमाकडे दिली होती. आणि मागचं दार अडकतं, अशी तक्रार तिने मालकाकडे आधीच केली होती. हा तिसरा मुद्दा अगदी आतला. ती ते नुकतंच बोलली होती, तेही बंद खोलीत. आणि विरुद्ध वकिलांनी तिन्ही मुद्द्यांना उत्तर दिलं होतं, तक्रारीलासुद्धा.

युक्तिवाद थोरल्या वकिलांच्या खोलीतल्या कपाटात होता. कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे, वकीलबाई, काकू आणि बाबा.

बाई बाहेरच्या खोलीत आल्या. तिथे पहारेकरीणबाई बसली होती, आणखी दोन पक्षकार होते, धाकटे वकील होते. दुपारी दार लावून आत काय करता, असं बाईंनी सगळ्यांसमोर बाबांना विचारलं. टाइप करतो, बाबा म्हणाले. दार लावून? आत आणखी कोण असतं? बाबांनी मान खाली घातली.

तुम्हाला वाटेल बाई दुष्ट होत्या. तसं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज त्याला हवा त्यापेक्षा नेहमी मोठाच लागतो.

"टायपिस्टला पगार बोटांचा नसतो, तोंड बंद ठेवण्याचा असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमचा कागद विकलात."

त्यांनी बाबांकडून किल्ली मागून घेतली आणि त्यांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. कोर्टाची खिडकी बंद व्हायच्या आत आपला युक्तिवाद द्यायचा होता. तो दिला की बाई पोलिसांकडे तक्रार करणार होत्या. एकदा ती तक्रार झाली, की त्या गावातल्या कुठल्याच कचेरीत बाबांना टाइपरायटरला हात लावू दिला नसता. हे मुंगीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती बाबांच्या टेबलाखाली बसून ऐकत होती, तिथून बाहेर आली. "बाबांनी नाही केलं."

"मग कोणी केलं?"

"मला माहीत नाही."

"मग माहीत करून घे आणि मला सांग," बाई वैतागून म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाई तोडून बोलल्या होत्या. मुंगीने ते काम म्हणून घेतलं.

३. दोन किल्ल्या, एक चहा

धाकटे वकील चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती, तरी चमचा फिरत होता. मुंगीने त्यांना सरळ विचारलं, तुम्ही दिलात का कागद?

ते रागावले नाहीत. हसले, पण ओशाळून. विरुद्ध वकिलांनी त्यांना आपल्याकडे यायचं बोलावणं पाठवलं होतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. जाणारही होते. पण बाईंना सांगायचं धाडस होत नव्हतं. कागद दिला का? किल्ली कुठून आणणार, आणि बाई टाइप झालेलं पान वाळायच्या आत कुलूपबंद करतात.

मग त्यांनी आवाज उतरवला. "मला विचारशील तर कागद कोणी दिलाच नाही. तू दुपारी ऐकत नाहीस का? तेच सांगतात मजकूर. आता दोन्हीकडे सांगत असतील. विरुद्ध वकील त्यांचाच चेला ना."

मुंगीने विचारलं, की थोरले वकील तुम्हालाही त्या खुर्चीत बसवायचे का?

धाकट्या वकिलांनी हात जोडले. "पोटात कावळे ओरडत असायचे आणि उठू देत नसत. मी मांडलेले मुद्दे फाडलेस, छान, म्हणायचे. आता मी आणखी काय मांडू शकलो असतो ते सांग आणि त्यालाही उत्तर दे. मग जेवायला जा. सांग, आहे का न्याय?"

मुंगी वर गेली. काकूंच्या खोलीत खिडक्या बंद होत्या, भर दिवसा. काकू पलंगावर बसून जुना लोकरीचा स्वेटर उसवत होत्या. मुंगीला त्यांनी गुंडा धरायला बसवलं.

किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. विरुद्ध वकील भेटायला येतात का, या प्रश्नावर त्यांनी लगेच हो म्हटलं. तो येतो, पाय धरतो, बसतो. पोरासारखा वाढलेला तो. त्या समोरच्या खुर्चीत त्याच्याइतका कोणी बसला नसेल. एकदा गुरुशिष्यांचं वाजलं आणि तो निघून गेला, पण ते गेले त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचला. कचेरीबद्दल मात्र तो कधी चकार शब्द काढत नाही.

"मग तुमच्या खिडक्या बंद का, काकू?"

लोकर ओढता ओढता काकूंचा हात थांबला.

"दुपारी ते खाली बोलतात," त्या म्हणाल्या. "जमिनीतून येतो आवाज. मी फिती पुसायला लावल्या, तरी येतो. मुंगे, कोणाला सांगू नकोस. मला वाटतं, मला वेड लागतंय."

मुंगी जिना उतरून खाली आली तेव्हा डब्यांची वेळ झाली होती. सगळे व्हरांड्यात बसले होते. बाबा एका टोकाला, न उघडलेला डबा मांडीवर घेऊन. आणि मुंगी मध्येच थबकली.

आज आवाज येत नव्हता.

४. झाकणाखाली

आज बाबा आत नव्हते आणि आज थोरले वकील बोलत नव्हते. एवढं जुळवायला फार हुशारी लागत नाही, पण धीर लागतो. कारण जुळवल्यावर पुढचं पाऊल त्या खोलीत टाकावं लागतं.

कडी कुरकुरली. आत उजेड कमी होता. समोरची खुर्ची तशीच, ओढलेली. मुंगी तिच्याकडे पाठ न करता भिंतीला धरून बाबांच्या लहान टेबलापर्यंत गेली. टाइपरायटरवरचं कातडी झाकण फुगलेलं होतं. टाइपरायटर तर त्या दिवशी बाहेरच्या खोलीत होता.

तिने झाकण उचललं. खाली मजकूर ऐकायचं जुनं यंत्र होतं. तिने कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग खोकला. मग तो आवाज, तिच्या इतका जवळ, की ती दोन पावलं मागे सरकली.

"...पूर्णविराम. पुढचा परिच्छेद. घाई नको. आता पुन्हा वाच मला."

दारात कोणीतरी होतं. बाबा आत आले होते, आणि त्यांच्या मागे काकू जिना उतरून आल्या होत्या, हातात लोकरीचं टोक तसंच. बाबांनी कळ बंद करायला हात पुढे केला आणि तो मध्येच राहिला.

"तू पुसल्यास म्हणाला होतास, टकटक्या," काकू म्हणाल्या. बाबांना त्या नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

बाबांनी सगळं सांगितलं. सगळ्या फिती पुसल्या, एक पुसवली नाही. त्या फितीवर गुपित वगैरे काही नव्हतं, कुठल्याशा जुन्या भिंतीच्या भांडणाचा मजकूर होता. पण इतकी वर्षं तो आवाज ऐकत बोटं चालवल्यावर त्याच्याशिवाय ती अडखळायची. दुपारी थोडा वेळ तो लावला की दिवसभराचं काम निघायचं. सकाळी सगळ्यांसमोर हे सांगितलं असतं तर वर काकूंपर्यंत गेलं असतं. त्यांना दिलेला शब्द मोडला होता, म्हणून ते गप्प बसले. खुर्चीही तेच जागेवरून ओढायचे, धूळ पुसायला.

यंत्र चालूच होतं. थोरले वकील भिंतीची लांबी सांगत होते, स्वल्पविराम सांगत होते, मधेच खोकत होते. मग काकू येऊन बाबांच्या स्टुलावर बसल्या.

"आवाज जरा मोठा कर," त्या म्हणाल्या.

मुंगीला वाटलं, सुटलो. तिने बाबांचा हात धरला. पण बाबांनी मान हलवली.

"यातून एवढंच कळलं, की मी काकूंशी खोटं बोललो. कागद दिला नाही, हे कुठे कळलं? खोटं बोलणाऱ्यावर तर बाई आणखीच संशय घेतील."

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि मुंगीच्या हातातला एकुलता एक दुवा उलटाच फिरला होता.

५. सरकणारं दार

व्हरांड्यातल्या बाकावर पहारेकरीणबाई बाबांची राखलेली जागा सोडून बसली होती. मुंगी तिच्याजवळ टेकली. बोलायला काही सुचत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, की ते दार ढकलायला फार जड होतं का?

"ढकलायचं कशाला ते?" पहारेकरीणबाई म्हणाली. "सरकवायचं असतं. असं." आणि तिने दोन्ही हातांनी हवेतलं एक मोठं दार उजवीकडून डावीकडे ओढलं, शेवटी जोर लावून. "इथे येऊन अडकायचं मेलं."

मुंगी तिच्या हातांकडे बघत राहिली. बाईंच्या युक्तिवादातलं ते वाक्य तिने बोट ठेवून ताडून पाहिलं होतं: दार आतून बाहेर ढकलून उघडावं लागतं आणि फुगल्यामुळे चौकटीत अडकतं. तिने विचारलं, बाई गोदाम बघायला आल्या होत्या का? नाही, पहारेकरीणबाई म्हणाली. त्यांना वेळ कुठे असतो. कागद बघितले त्यांनी सगळे.

मुंगी उठली आणि वकीलबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. विरुद्ध वकिलांचा कागद वाचायला मागितला. बाईंनी डोळे चोळले आणि तो तिच्याकडे सरकवला. त्यांच्यात नको म्हणण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

मुंगीने तो कागद नेहमीसारखाच वाचला, बोट ठेवून. तो असा होता. आधी दाराच्या तक्रारीला उत्तर. मग किल्लीला. मग पाळीला. आणि शेवटी एक लहानसा परिच्छेद: दाराचं कुलूप आदल्याच दिवशी बदललं होतं, असा मुद्दा कोणी काढला तरी त्याने काही फरक पडत नाही, कारण नव्या कुलपाची किल्ली कुठे टांगलेली असते ते सर्वांना ठाऊक होतं.

आता मुलांनो, पान उलटण्याआधी थोडं थांबा. बाईंच्या युक्तिवादातले तीन मुद्दे तुम्हाला माहीत आहेत, आणि ते कुठल्या क्रमाने होते तेही. त्यातली चूक तुम्हाला माहीत आहे. विरुद्ध वकिलांचा कागदही तुम्ही आत्ताच वाचला. तुम्ही मुंगीच्या जागी असता तर बाईंना काय सांगितलं असतं? घाई नको. मी थांबतो.

६. कोणाला दिलेलं उत्तर?

मुंगीने सगळ्यांना थोरल्या वकिलांच्या खोलीत बोलावलं नाही. मुलं मोठ्यांना असं बोलावत नाहीत. तिने बाईंना तेवढं म्हटलं, की मी माहीत करून घेतलंय. बाई उठल्या, तिला आणि बाबांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. काकू आत होत्याच.

"कागद कोणी दिलाच नाही," मुंगी म्हणाली.

"मग त्यांना कसं कळलं?"

"त्यांना कळलंच नाही, बाई. त्यांनी तुमचा कागद वाचला असता तर पहिलं काय केलं असतं?"

मुंगीनेच सांगितलं. गोदामाच्या मालकाचा वकील तो, ते दार त्याने शंभरदा बघितलं असणार. बाईंनी दार ढकलायचं म्हणून लिहिलंय आणि दार तर सरकतं. ज्या बाजूला दार कसं उघडतं हेही माहीत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. समोरच्याची इतकी मोठी चूक हातात असताना कोण सोडेल?

बाईंचा चेहरा उतरला. आपली चूक त्यांना त्याच क्षणी कळली. थोरले वकील लेखणी उचलण्याआधी जागा बघून यायचे. त्या नुसते कागद बघायच्या.

तरीही त्या वकील होत्या. इतक्या सहज मानणार नव्हत्या. "चूक त्याने सुनावणीसाठी राखून ठेवली असेल. आणि तिन्ही मुद्दे त्याला आयते कसे सुचले?"

मुंगीने दुसरी गोष्ट सांगितली. बाईंनी आधी पाळी लिहिली, मग किल्ली, मग तक्रार. पाळीचा मुद्दा सगळ्यांत भक्कम, म्हणून आधी. विरुद्ध वकिलांची उत्तरं मात्र बरोबर उलट्या क्रमाने होती. कागद समोर ठेवून उत्तर लिहिणारा माणूस त्याच्याच क्रमाने जातो. मग हा क्रम कोणाचा?

उत्तर बाबांनी दिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज सरळ आला. "त्यांचा. सगळ्यांत कच्चा मुद्दा आधी, पक्का शेवटी. मी आयुष्यभर तोच क्रम टाइप केला."

तक्रारीचं काय, बाई म्हणाल्या, ती तर फक्त या खोलीत बोलली गेली. पण बोलता बोलताच त्यांना उमगलं असावं, कारण वाक्य अर्धंच राहिलं. तक्रार मालकाकडे केली होती. मालकाच्या वकिलाला ती माहीत नसेल तर कोणाला असेल?

"आणि शेवटचा परिच्छेद," मुंगी म्हणाली. "कुलपाचा. तुमच्या कागदात कुलपाचं कुठे आहे?"

बाईंनी कागद ओढून घेतला. तो परिच्छेद त्यांनी सकाळीही वाचला होता, पण भीतीने डोळ्यांवर पडदा होता. आता त्यांनी तो मोठ्याने वाचला, आणि वाचताना आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"हे मी म्हटलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. मग हा उत्तर देतोय कोणाला?"

सगळ्यांची नजर एकाच वेळी टेबलाच्या या बाजूच्या, थोरल्या वकिलांच्या खुर्चीकडे गेली. झिजलेल्या हातांच्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या कचेरीत, तो जुना चेला पुन्हा एकदा समोरच्या खुर्चीत जाऊन बसला होता. त्याने कोणाचा कागद वाचला नव्हता. थोरले वकील आज असते तर काय काय म्हणाले असते, एवढंच त्याने स्वतःला विचारलं होतं. ते गोदाम बघायला गेले असते. कुलूप नवं आहे हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून त्यालाही उत्तर देऊन ठेवलं आणि मगच तो जेवायला उठला. ज्या मुद्द्याची त्याला सगळ्यांत जास्त भीती होती, तो त्याने आपल्याच हाताने बाईंना कळवला होता, कारण ज्याला तो उत्तर देत होता तो माणूस या जगात नव्हता.

काकूंनी डोळे टिपले. "मेल्याला अजून वाटतं, ते समोर बसलेत," त्या म्हणाल्या.

बाईंनी दार किलकिलं करून पहारेकरीणबाईला आत बोलावलं आणि कुलपाचं विचारलं. हो, नवंच होतं, किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं, ती म्हणाली. मालकाच्या माणसाने आदल्या दिवशी लावलं. माझी किल्ली त्याला लागायचीच नाही. नवी किल्ली कुठे टांगतात ते मला कोणी दाखवलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, बाई, आणि मला वाटलं कुलूप काय, कुठलंही कुलूपच.

ज्या कुलपाची किल्ली तिच्याकडे नव्हतीच, ते तिने लावलं कसं? सगळा दावा त्या एका प्रश्नावर उभा होता. पहारेकरीणबाई बाहेर गेली. वेळ थोडा होता आणि सगळं नव्याने लिहायचं होतं. बाईंनी दार पुन्हा लावलं आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. खाली बघत, पण मनापासून. "तुम्ही कागद दिला नाहीत. मी भलतंच बोलले. ही घ्या किल्ली. आता बसा, मी सांगते, तुम्ही टाइप करा."

बाबांनी किल्ली घेतली. टाइपरायटर आत आणला, कागद चढवला, सरळ केला. बोटं कळांवर ठेवली. बाईंनी पहिलं वाक्य सांगितलं. बोटं हलली नाहीत. काकूंनी यंत्राकडे हात नेला, आवाज लावू का म्हणून. बाबांनी नको म्हणून मान हलवली. ती अडचण नव्हती.

बाईंना कळेना. त्यांनी वाक्य पुन्हा सांगितलं. दाराच्या पलीकडे, बाहेरच्या खोलीत, सकाळचं सगळं ऐकलेले ते दोन पक्षकार बसले होते, धाकटे वकील होते, पहारेकरीणबाई होती. चमचा कपावर वाजल्याचा आवाज आला. कोणीतरी हळू आवाजात काही बोललं आणि दुसरं कोणी हसलं. बाबांचे कान लाल झाले.

मुंगीने बाबांकडे बघितलं, मग बंद दाराकडे. ती दारापाशी गेली आणि दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या. बाहेरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली. मुंगी उंबऱ्यातून बाजूला झाली, म्हणजे आतलं सगळ्यांना नीट दिसेल, आणि वकीलबाईंना म्हणाली,

"बाई, ‘माझं चुकलं’ ते आता परत म्हणा."